म्हणे, चिनी बंडखोर चित्रकार परदेशी पैशावर पोसलेले!

फॅमिली ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘चिनी बंडखोर कलेचं वास्तव’ असं भारदस्त नाव, खाली चार मुद्दे, शेवटी जोडलेले हात. म्हणणं थोडक्यात असं: ही बंडखोर चित्रं म्हणजे पाश्चात्त्य गॅलऱ्यांनी 2000 सालानंतर उभा केलेला बाजार आहे, चीनमध्ये कलाकाराला कोणी हात लावत नाही, सरकारवर टीका करणारा कलाकार आय वेईवेई याला पकडलं ते कर बुडवला म्हणून, आणि भूकंपात मेलेल्या मुलांच्या नावावर त्याने स्वतःची प्रसिद्धी करून घेतली. एरवी असलं काही मी न वाचताच उडवतो. पण कलामहाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाचीने हे वाचून निबंधाचा विषयच बदलायला घेतला. तेव्हा लिहिणं आलं.

पहिला मुद्दा एका तारखेत निकालात निघतो: 27 सप्टेंबर 1979. बीजिंगच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाबाहेरच्या कुंपणावर ‘स्टार्स’ गटाच्या हौशी पोरांनी आपली चित्रं आणि शिल्पं मांडली. त्यात वांग कपिंगचं एक लाकडी मुंडकं होतं, तोंडात बूच ठोकलेलं. पोलिसांनी दोन-तीन दिवसांत सगळं उठवलं. मग 1 ऑक्टोबरला, ऐन राष्ट्रीय दिनी, त्यांनी कलास्वातंत्र्य मागत मोर्चा काढला. त्यांच्यातलाच मा देशंग त्यात कुबड्यांवर चालत होता. 2000 साल उजाडायला तेव्हा वीस वर्षं होती.

पैशाचा मुद्दा मात्र अगदीच खोटा नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. चिनी चित्रकार युए मिनजुनचं ‘एक्झिक्यूशन’ हे चित्र 2007 मध्ये लंडनच्या लिलावात जवळपास 59 लाख डॉलरला गेलं, आणि त्याचे ते दात विचकून हसणारे गुलाबी चेहरे पुढे इतक्यांदा दिसले की वीट यावा. परदेशी ग्राहकाला काय आवडतं हे ओळखून चित्रं काढणारेही होते. पण चित्र महाग विकलं गेलं म्हणून ते काढण्यामागची चीड नकली ठरते, हे गणित कुठलं?

आता तो कर. हा मुद्दा वाचून माझं डोकं खरंच फिरलं. आय वेईवेईला 3 एप्रिल 2011 रोजी बीजिंग विमानतळावर उचललं आणि 81 दिवस अज्ञात जागी ठेवलं. दोन पहारेकरी चोवीस तास त्याच खोलीत. तो झोपला तरी उशाशी उभे, संडासला गेला तरी शेजारी उभे. हा सगळा प्रसंग त्याने पुढे सहा मोठ्या पेट्यांत पुतळे करून मांडला. पेटीच्या फटीतून डोकावून बघायचं. करचुकव्याला असं कोण ठेवतं? दीड कोटी युआनची मागणी आली ती नोव्हेंबरमध्ये, म्हणजे सुटकेनंतर. आणि त्यावर चीनमधल्याच सुमारे 30,000 लोकांनी त्याला जवळजवळ 90 लाख युआन पाठवले. काहींनी तर नोटांची विमानं करून स्टुडिओच्या भिंतीवरून आत उडवली. परदेशी पैसा म्हणतात तो हाच का?

खरं कारण त्याआधीचं आहे, आणि मेसेजवाल्याने नेमकं त्याच्यावरच चिखल उडवलाय. 12 मे 2008 च्या सिचुआन भूकंपात शाळा कोसळल्या. कुठे तर शेजारच्या इमारती उभ्या आणि शाळेचा ढिगारा. बांधकामात कोणी खाल्लं, असं आईबाप विचारायला लागले तर त्यांनाच दरडावलं गेलं. तेव्हा आय वेईवेईने स्वयंसेवक गोळा केले, त्यांनी गावोगाव हिंडून मेलेल्या मुलांची नावं टिपली. पाच हजारांहून जास्त नावं जमली. स्वयंसेवकांची धरपकड झाली, त्याचा ब्लॉग बंद पाडला गेला. ऑगस्ट 2009 मध्ये, याच प्रश्नावर काम करणाऱ्या तान झुओरेनच्या खटल्यात साक्ष द्यायला तो चेंगदूला गेला, तर पोलिसांनी डोक्यात मारलं. महिनाभरात म्युनिकमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाची शस्त्रक्रिया करावी लागली. तानला पाच वर्षांची शिक्षा झाली. आय वेईवेईने पडलेल्या शाळांच्या वेड्यावाकड्या सळया आणून, हातोड्याने ठोकून एकेक सरळ करवली, दीडशे टनांच्या आसपास, आणि त्याचंच शिल्प मांडलं. प्रसिद्धीच हवी होती तर याहून शंभर सोपे रस्ते होते. दोन हजार वर्षं जुनं, हान राजवटीच्या काळातलं भांडं त्याने पूर्वी फोडलं होतंच की. ते मलाही फारसं पटलेलं नाही, पण फोटो जगभर गेला आणि त्यापायी डोकं फुटलं नाही.

राहिला ‘कलाकाराला कोणी हात लावत नाही’ हा मुद्दा. ‘स्टार्स’ची माणसं आता म्हातारी झाली, ती गोष्ट जुनी म्हणून सोडून देऊ. शिल्पकार गाओ झेन आणि त्याच्या भावाने माओचा गुडघे टेकून पश्चात्ताप करणारा ब्राँझचा पुतळा केला 2009 मध्ये. गाओ पुढे अमेरिकेत राहायला गेला आणि ऑगस्ट 2024 मध्ये चीनला आला असताना पकडला गेला. आरोप, वीर आणि हुतात्म्यांची बदनामी. फौजदारी कायद्यात हे कलम आलं 2021 मध्ये, म्हणजे पुतळ्यानंतर बारा वर्षांनी. त्याच्या बायकोला आणि लहान मुलालाही देशाबाहेर पडू दिलं नाही. यात कर कुठे बसतो, ते मेसेज पाठवणाऱ्या काकांनी ग्रुपवरच सांगावं.