कार्बनची प्रत मामीच्या ट्रंकेत आहे

आज सकाळी शेजारचे काका पेढे घेऊन आले. मुलगी पोलिसात कॉन्स्टेबल झाली. आमच्या सुदामानगरच्या गल्लीतली ही पहिलीच. मी तिला जवळ घेतलं, तेवढ्यात काका म्हणाले, "ठाण्यात काहीही दिसो, आपण काही पाहिलं नाही. कळलं?" तिने मान डोलावली. माझा पेढा हातातच राहिला.

हेच वाक्य आजीने माझ्या मामाला ऐकवलं होतं.

मामा हेड कॉन्स्टेबल होता, इंदूरपासून लांबच्या एका ठाण्यात. एका पोराला रात्री उचलून आणलं, मामाने रोजनामच्यात तशी नोंद केली. अटक मात्र दुसऱ्या संध्याकाळची दाखवायची होती, कारण अटकेपासून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. टीआय, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, म्हणाले, "हेड साहब, ठीक कर लो." मामाने नाही केलं. वर तक्रार लिहिली. रेघांचा कागद, खाली कार्बन, आणि पहिलीच ओळ: माझं नाव गुप्त ठेवावं. चौथ्या दिवशी तोच कागद टीआयच्या टेबलावर!

लाइन अटॅच, म्हणजे ठाण्यातून काढून पोलीस लाइनमध्ये बसवलं. मग विभागीय जांच. मग बदली.

कुणी खाली पाठवला तो कागद? त्याला कुणी विचारलं? तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, असं 2014च्या व्हिसलब्लोअर संरक्षण कायद्यात लिहिलंय. संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली, पण तो लागू करण्याची अधिसूचनाच निघाली नाही. इतकी वर्षं! महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणारे इंजिनीअर सत्येंद्र दुबे, त्यांनीही पंतप्रधान कार्यालयाला लिहिताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं होतं. नाव फुटलं. 2003च्या नोव्हेंबरात गयेत त्यांना गोळ्या घातल्या. आणखी किती जणांचे जीव हवेत?

खोट्या तक्रारी होतात, जुने हिशेब चुकवले जातात, मान्य. त्यासाठीही त्याच कायद्यात 2 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आधी लागू तर करा. आणि खात्यातल्या माणसाची तक्रार खात्याबाहेरच्याने ऐकावी. ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याच्याच साहेबाकडे कागद जाणार असेल तर कोण लिहील?

लाइनमध्ये असताना मामाला काम काही नसायचं. तरी मामी रोज पहाटे वर्दीला इस्त्री करायची. बाहीची घडी बोटाने दाबून दाबून बसवायची. मामा हजेरीच्या गणनेला उभा राहून यायचा आणि गप्प जेवायचा. ज्यांच्यासोबत वीस वर्षं डबा खाल्ला ते ओळख दाखवेनासे झाले. बदलीपेक्षा ते त्याला जास्त लागलं.

काकांवर मी मनातल्या मनात चिडले. पण बाप आहे तो. पोरीची नोकरी टिकावी एवढंच त्याला हवंय. आणि मी तरी तिथे काय बोलले? अभिनंदन म्हणाले आणि दार लावलं.

दुपारी मामीला फोन केला. कागद आहे, म्हणाली, चांदीच्या ताम्हनाखाली. रविवारी आणते. पोरगी ट्रेनिंगला जायच्या आधी तिला तो वाचायला देणार आहे, काकांच्या समोरच.