खुलासा: सगळे न्यूट्रिनो एकाच ब्लेझारमधून येत नाहीत

नाशिकच्या खगोलप्रेमींच्या ग्रुपांवर ‘वैश्विक न्यूट्रिनो मृग तारकासमूहातल्या एकाच ब्लेझारमधून येतात, हे सिद्ध झालं’ असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. (न्यूट्रिनो म्हणजे जवळपास सगळ्यातून आरपार जाणारा सूक्ष्म कण; ब्लेझार म्हणजे जिच्या केंद्रातून निघणारा झोत पृथ्वीकडे रोखलेला आहे अशी दीर्घिका.) २२ सप्टेंबर २०१७ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या न्यूट्रिनो वेधशाळेने सुमारे २९० टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा एक न्यूट्रिनो टिपला; त्या दिशेचा ब्लेझार तेव्हा गॅमा किरणांत भडकलेला होता. हा मेळ जेमतेम ३ सिग्माचा (सिग्मा म्हणजे हा निव्वळ योगायोग नसल्याच्या खात्रीचं माप). शोध म्हणायला ५ लागतात. २०२२ मध्ये एनजीसी १०६८ दीर्घिकेकडून सुमारे ७९ जादा न्यूट्रिनो मिळाले, तेही ४.२ सिग्मा. खरी अडचण दिशेची आहे. न्यूट्रिनोच्या धडकेतून निघालेल्या म्युऑन कणाची लांब रेघ आइसक्यूबमध्ये उमटली तर दिशेतली चूक साधारण अंशाच्या आत राहते. गोलसर झळाळी उमटली तर कित्येक अंश, आणि तेवढ्या आकाशात असंख्य दीर्घिका मावतात. एनजीसी १०६८ हिवाळ्यात गंगापूर धरणाकडून दुर्बिणीतून जरूर पाहा.