वेष्टनावरचे वेष्टन

नवे पुस्तक घरी आल्यावर ते उघडून वाचायला बसण्याची घाई सुसंस्कृत माणसाने करू नये. आधी त्याला कव्हर घालावे. पुस्तकावर छापील कागदी वेष्टन मुळातच असेल तरी गोंधळू नये; ते वेष्टन पुस्तकाचे रक्षण करते आणि आपले कव्हर त्या वेष्टनाचे.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांना हे शास्त्र उमगले नव्हते. रेशमी बांधणी दुकानात मळू नये म्हणून ते पुस्तक कागदात गुंडाळत आणि गिऱ्हाईक घरी जाऊन तो कागद बेलाशक फेकून देई. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात १८३०च्या सुमाराचे असे एक वेष्टन टिकले आहे, तेही पुस्तकापासून केव्हाच दुरावलेले. पुढे १९२५ साली ‘द ग्रेट गॅट्स्बी’ ही अमेरिकन कादंबरी घेणाऱ्या अनेकांनी हाच अविचार केला. आज त्या पहिल्या आवृत्तीची नुसती प्रत काही हजार डॉलरला मिळते आणि चित्रकार फ्रान्सिस कुगाटच्या निळ्या वेष्टनासह तीच प्रत लाखाच्या पुढे जाते. तेव्हा दोहोंपैकी एक टाकायची वेळ आलीच, तर मजकूर टाकावा.

मलपृष्ठावरची स्तुती मात्र अवश्य वाचावी, कारण तेवढ्या भांडवलावर चारचौघांत मत देता येते. तिला ‘ब्लर्ब’ हे नाव गेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने १९०७ साली आपल्याच पुस्तकाच्या वेष्टनावर थट्टेने दिले. ती थट्टा होती, हे प्रकाशकांना अद्याप कोणी कळवलेले दिसत नाही.

कव्हर घालण्याची विद्या तुम्हाला शाळेतच मिळालेली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे दुसरे काही शिकवल्याचे मला तरी आठवत नाही. खाकी कागद चकचकीत बाजू बाहेर राहील असा पसरावा, चहूबाजूंनी चार बोटे जास्त सोडून कापावा, पाठीच्या दोन्ही टोकांशी चिरा देऊन मधली पट्टी आत दुमडावी आणि घडीवरून नख फिरवावे. जुन्या कॅलेंडरचे पान उलटे करूनही चालते. वर्तमानपत्र वापरू नये, कारण त्याची शाई हाताला लागते आणि, त्याहून वाईट म्हणजे, माणूस ते वाचत बसतो.

दीनानाथ दलालांचे मुखपृष्ठ खाकीखाली गेले म्हणून हळहळू नये. ते आता सुरक्षित आहे, तुमच्यापासूनसुद्धा. कपाटातली सगळी पुस्तके सारखीच दिसू लागल्यावर लेबले चिकटवावीत. त्यांवर आपले नाव ठसठशीत लिहावे. खाली ‘विषय’ अशी एक ओळ छापलेली असते; तिथे काय लिहावे ते सुचत नसेल, तर ती कोरी ठेवावी.