'पिंग चालतो पण नेट चालत नाही' : एका कडक कमेंटला माझं उत्तर

नमस्कार सर,

तुमची कमेंट काल रात्री वाचली, राग आला, म्हणून काही टाइप न करता झोपलो. सकाळी चहा घेताना परत वाचली तर निम्मी बरोबर वाटली, म्हणून इथेच सविस्तर लिहितो. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी ओपन५जीएस (मोबाइल नेटवर्कचा मधला भाग, म्हणजे ५जी कोअर, चालवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) जुन्या मिनी पीसीवर कसं चढवायचं ते लिहिलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं असं की पोस्टमधल्या फायरवॉलच्या सल्ल्यामुळे त्यांचं क्लाउडवरचं मशीन हातातून गेलं, लॉग असताना वायरशार्कची (नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) भानगड कशाला, आणि सगळं करूनही फोन रजिस्टर होतो, आयपी मिळतो, पिंगसुद्धा (समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघणारं छोटं पॅकेट) जातो पण बँकेची साइट काही उघडत नाही, तेव्हा १५ वर्षं टेलिकॉममध्ये काढलेल्या माणसाने सांगितलेलं ऐका, हे खेळणं आहे, याला कोअर म्हणू नका.

आधी फायरवॉल, कारण तिथे चूक सरळ सरळ माझी आहे. 'चाचणीपुरते आयपीटेबल्सचे नियम मायनस एफ मारून उडवा' असं मी लिहिलं होतं, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचे सगळे नियम एका फटक्यात पुसा. माझ्या टेबलावर मशीनला मॉनिटर आणि कीबोर्ड लावलेला असतो आणि डिफॉल्ट पॉलिसी (कुठलाच नियम लागू नसेल तेव्हा काय करायचं ते) अ‍ॅक्सेप्ट, त्यामुळे मला कधी फटका बसला नाही. क्लाउडवर पॉलिसी ड्रॉप ठेवून २२ नंबरचा पोर्ट तेवढा उघडा ठेवलेला असतो, तिथे मायनस एफ मारलं की उघडा ठेवणारा नियम जातो आणि ड्रॉप मात्र तसाच बसून राहतो, म्हणजे एसएसएच, दुरून मशीनमध्ये शिरायची वाट, गेलंच. आणि वर गंमत बघा, ज्या कामासाठी मी ते सांगितलं होतं तेही त्याने होत नाही! त्याच मशीनवर डॉकर (सॉफ्टवेअर वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) असेल तर डॉकर फॉरवर्डची (मशीनमधून पुढे जाणाऱ्या ट्रॅफिकची) पॉलिसी ड्रॉप करून ठेवतं, नियम उडवले तरी पॉलिसी बदलत नाही, म्हणजे फोनचं ट्रॅफिक तिथेच अडकणार. पोस्टमधून ती ओळ काढली, त्या जागी ओजीएसटन इंटरफेससाठी (कोअरमधलं आभासी नेटवर्क कार्ड, फोनचं ट्रॅफिक त्यातून जातं) फॉरवर्डचे दोन नियम टाकलेत. तुम्हाला जो त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी.

आता तुमचं नेट. तुमच्या कमेंटमध्ये तीन गोष्टी जाता जाता आल्यात आणि माझ्या मते सगळं उत्तर त्यातच आहे. बेस स्टेशन वर्कशॉपमध्ये, कोअर क्लाउडवर, मध्ये वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा. तो बोगदा कोअरच्या मशीनवर संपत नाही, त्याच्यापुढे एक वेगळं गेटवे मशीन आहे तिथे संपतो. आणि त्या गेटवेवर 'सिक्युरिटीसाठी आयसीएमपी पूर्ण बंद', म्हणजे पिंग आणि नेटवर्कमधल्या अडचणींचे निरोप ज्या प्रोटोकॉलने जातात तोच बंद. यूट्यूब कधीकधी चालतं असंही लिहिलंय, ते तर फारच कामाचं.

हाच प्रकार आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये झालेला. रेडिओ एका बिल्डिंगमध्ये (हवेत काही सोडत नाही बरं का, सगळं केबल आणि अ‍ॅटेन्युएटरवर, विनापरवाना ट्रान्समिट करणं हा गुन्हा आहे), सर्व्हर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये, मधलं नेटवर्क आमच्या ताब्यात नाही. शुक्रवारी दुपारी डेमो होता. फोनवर ५जी दिसतंय, १०.४५.०.२ आयपी आलाय, ८.८.८.८ ला पिंग जातोय, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज गेला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि कुणीतरी म्हणालं कॉलेजची वेबसाइट उघडा. पांढरं पान. गोल गोल फिरणारं चक्र. एएमएफचा (कोअरचा फोन रजिस्टर करणारा भाग) लॉग स्वच्छ, एसएमएफचा (सेशन बनवणारा भाग) स्वच्छ, यूपीएफच्या (फोनचा डेटा पुढे नेणारा भाग) लॉगमध्ये सेशन तयार झाल्याच्या ओळी आणि पुढे शांतता. मी तासभर डीएनएस बदलत बसलो, सिम बदललं, सर्व्हरसुद्धा रीस्टार्ट केला, थोडक्यात म्हैस पाण्यात आणि मी काठावर.

शेवटी एकाच वेळी तीन टर्मिनल उघडून तीन ठिकाणी टीसीपीडंप (वायरशार्कसारखंच, पण टर्मिनलमध्ये चालणारं) लावला. एक बेस स्टेशनकडच्या बाजूला यूडीपी २१५२ वर (बेस स्टेशन आणि कोअरमध्ये फोनचा डेटा या पोर्टवरून जातो), एक ओजीएसटनवर, एक बाहेर इंटरनेटकडे जाणाऱ्या कार्डावर. पॅकेट ओजीएसटनपर्यंत येऊन बाहेर पडत नसेल तर आयपी फॉरवर्डिंग किंवा फॉरवर्डचे नियम बघायचे. बाहेर पडतंय पण १०.४५ चाच पत्ता घेऊन पडत असेल तर मास्करेड (फोनच्या खाजगी पत्त्याजागी मशीनचा पत्ता लावणं) राहिलंय. आमच्याकडे या दोन्हीपैकी काही नव्हतं. छोटी पॅकेट तिन्ही खिडक्यांत जाता येता दिसत होती, वेबसाइटकडून येणारं मोठं पॅकेट मात्र यूपीएफमधून निघून रेडिओकडे रवाना झालेलं दिसायचं आणि रेडिओच्या बाजूला पोचायचंच नाही. तेच पॅकेट परत, परत, परत.

आमच्याकडे उसाच्या ट्रॉल्या जातात त्या रस्त्यावर रेल्वेच्या पुलाखाली लोखंडी कमान असते बघा, बाइक खालून निवांत जाते, ट्रॉली अडकते. पिंग म्हणजे बाइक आहे, डिफॉल्टला जेमतेम ८४ बाइट. वेबपेज म्हणजे ट्रॉली. आता हिशोब करू. एसएमएफच्या डिफॉल्ट कॉन्फिगमध्ये एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज, बाइटमध्ये) १४०० आहे, फोन तेवढं पॅकेट बनवतो, समोरचा सर्व्हरही तेवढंच पाठवतो. यूपीएफ त्यावर स्वतःचं वेष्टण चढवतो, २० बाइट आयपीचे, ८ यूडीपीचे, ८ जीटीपीचे (फोनचं पॅकेट गुंडाळून नेणारा प्रोटोकॉल), आणि ५जीत क्यूओएसची (कुठल्या ट्रॅफिकला किती प्राधान्य याची) खूण सांगणारं एक्स्टेन्शन हेडर जोडावं लागतं त्याचे अजून ८, एकूण ४४. झाले १४४४. वायरगार्डचा डिफॉल्ट एमटीयू १४२०. चोवीस बाइटसाठी ट्रॉली कमानीला अडकली!

यावर तुम्ही म्हणाल की असं असेल तर गेटवेने 'पॅकेट मोठं आहे, तुकडे कर' असं यूपीएफला कळवायला हवं. बरोबर, कळवतोच, पण आयसीएमपीने. आणि तेच तुम्ही बंद केलंय. इथे भले भले फसतात, मी पण फसलो, कारण आपल्याला वाटतं फोनवरून पिंग चालतोय म्हणजे आयसीएमपी चालू आहे. फोनचा पिंग जीटीपीच्या पोटात बसून जातो, मधल्या गेटवेला तो यूडीपी २१५२ चं साधं पॅकेट म्हणून दिसतो, त्याच्या आयसीएमपीच्या नियमाशी त्याचा काडीचा संबंध येत नाही. यूट्यूब चालण्याचं कारणही पॅकेटची साइजच. ते बरंचसं क्विकवर (टीसीपीऐवजी यूडीपीवरून जाणारा प्रोटोकॉल) चालतं, क्विक सुरुवातीला साधारण १२०० बाइटच्या आसपासची पॅकेट टाकतं, ती कमानीखालून निघून जातात. बँकेची साइट टीसीपीवर भरलेली ट्रॉली पाठवते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. कोअरच्या मशीनवरून फोनच्या आयपीला तुकडे न करण्याचा पर्याय लावून पिंग करा, म्हणजे मायनस मोठा एम, पुढे डू, आणि साइज १३४८. तो जाईल. मग १३४९ करा. तो गेला नाही तर माझं निदान बरोबर, कारण १३४८ अधिक पिंगचे २८ अधिक वरचे ४४ म्हणजे बरोब्बर १४२०. दोन्ही गेले तर मी चुकलो, मग पुढचं बघू.

उपाय सोपा आहे. एसएमएफच्या यामल (सेटिंगच्या) फाइलमध्ये एमटीयू १३४० करा, एसएमएफ रीस्टार्ट करा, आणि फोन एकदा एअरप्लेन मोडमध्ये टाकून बाहेर काढा, हे विसरू नका, कारण एमटीयू फोनला सेशन बनतानाच सांगितला जातो, चालू सेशनला कळत नाही. काही फोन हा आकडा मानतच नाहीत, त्यांच्यासाठी आयपीटेबल्सच्या मँगल टेबलमध्ये टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधला कमाल डेटा) १३०० ला बांधून टाका. आणि गेटवेवर आयसीएमपी सगळा नको असेल तर नको, पण टाइप ३ कोड ४ ('पॅकेट मोठं आहे' हा निरोप) तेवढा सोडा, तो बंद ठेवून सिक्युरिटी वाढत नाही, फक्त रात्री जागायला लागतात.

म्हणून वायरशार्क सर. लॉग वाचायचा नाही असं मी कुठेच लिहिलं नाही, पण लॉगमध्ये कोण बोंबलतंय तेवढं कळतं, आणि वरच्या केसमध्ये बोंबलणारं कुणी नव्हतंच, पॅकेट ज्या मशीनवर मेलं ते कोअरचा भागच नव्हतं. उलटंही होतं. तुम्ही जो लॉग चिकटवलाय त्यात सिंक फेल्युअरची ओळ लाल करून 'बघा तुमचं सॉफ्टवेअर' असं लिहिलंय. तो कॉज २१ (फोनने कळवलेल्या कारणाचा नंबर) आहे आणि तो बिघाड नाही. सिममधला सीक्वेन्स नंबर आणि डेटाबेसमधला नंबर जुळला नाही की सिम तसं सांगतं, कोअर त्यावरून आपला नंबर सुधारतं आणि लगेच दुसऱ्यांदा ऑथेंटिकेशन करतं. तुमच्याच लॉगमध्ये चार ओळी खाली रजिस्ट्रेशन झालेलं आहे. सिम दुसऱ्या कोअरवर वापरून परत आणलं की हे हमखास येतं. काळजी करायची ती कॉज २०, मॅक फेल्युअर आला तर, म्हणजे सिम आणि कोअरमधल्या गुप्त की जुळत नाहीत. तिथे नव्वद टक्के वेळा, निदान माझ्या हातून तरी, ओपी (ऑपरेटरचा गुप्त कोड) आणि ओपीसीची (त्यापासून त्या सिमसाठी काढलेला कोड) अदलाबदल झालेली असते. वेबयूआयमध्ये (सिमची माहिती भरायचं ब्राउझरमधलं पान) तो छोटा ड्रॉपडाउन आहे ना, तो बघायचा राहतो, आकडे दोन्हीकडे ३२ च, दिसायला सारखेच.

मोंगोडीबी (सिमची माहिती ठेवणारा डेटाबेस) 'इलिगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरतो हे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय, त्याचंही सांगतो. मोंगो ५.० पासून प्रोसेसरला एव्हीएक्स (प्रोसेसरमधल्या काही खास सूचना) लागतं. जुन्या सेलेरॉनमध्ये ते नसतं, आणि प्रॉक्समॉक्सवर (एका मशीनवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) व्हीएमचा सीपीयू टाइप डिफॉल्ट ठेवला तर प्रोसेसरमध्ये असूनही व्हीएमला दिसत नाही. टाइप होस्ट करा. जुनं मशीन असेल तर मोंगो ४.४ वर राहा.

राहिला खेळण्याचा मुद्दा. अर्धं मान्य. एएमएफ रीस्टार्ट केला की फोनची सगळी माहिती मेमरीतून जाते आणि सगळ्यांना परत रजिस्टर व्हावं लागतं, लाखो ग्राहक असलेल्या कंपनीत असं केलं तर नोकरी जाईल. माझ्या लॅबमध्ये पाच फोन आहेत, पोरं म्हणतात 'सर परत एकदा करा', म्हणजे त्यांना एनजीएपी सेटअपपासून (बेस स्टेशन आणि कोअरची पहिली ओळख) सगळे मेसेज दिसतील. तुम्ही १५ वर्षं ज्या बॉक्सवर काम केलंत त्याच्या आतलं एक पॅकेट बघायला व्हेंडरकडे तिकीट टाकावं लागायचं की नाही, खरं सांगा. इथे तोच एन२ (बेस स्टेशन ते एएमएफ), तोच पीएफसीपी (एसएमएफ ते यूपीएफ), तेच ३जीपीपीचे (मोबाइलची मानकं ठरवणारी संस्था) मेसेज, आणि कोड सी मध्ये समोर पडलेला. मला शिकवायला यापेक्षा बरं काही सापडलेलं नाही. तुम्ही याला खेळणं म्हणा, मी कोअरच म्हणणार, यावर आपलं जमणार नाही बहुतेक.

एक शेवटचं, आणि हे आजच्या आज करा. तुम्ही चिकटवलेल्या लॉग आणि कॉन्फिगमध्ये सिमचा आयएमएसआय (ओळख क्रमांक), के (सिमची गुप्त की) आणि ओपीसी तिन्ही पूर्ण दिसत होते. मी कमेंटमध्ये ते खोडलेत, पण तोवर सहा तास ते उघडे होते. त्या सिमवर नवीन की टाकून परत प्रोग्राम करा, डेटाबेसमध्येही बदला, आणि तेव्हा तो ड्रॉपडाउन बघा. पिंगचे दोन आकडे आले की इथेच टाका.