खुनी आधीच कळला, मग पाहायचं काय? : 'कोलंबो'वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'कोलंबो' या अमेरिकन टीव्ही मालिकेत त्याच नावाचा पोलिस अधिकारी खुनांचा तपास करतो. तिच्यातल्या 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म' या भागाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही बरीच मोठी आणि मनापासून प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत उत्तर देऊन ती उडवून लावणं मला जमणार नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. खुनी कोण हे सुरुवातीलाच दाखवल्यावर उरतं काय, हा लेखकांचा आळस आहे. वाइनचा एवढा मोठा जाणकार इतकी ढोबळ चूक करेल हे पटत नाही. शेवटचा पुरावा कोर्टात एक दिवसही टिकणार नाही. आणि सगळ्यात कडक मुद्दा म्हणजे, हसतखेळत रंगवलेल्या या गोष्टीत मेलेला माणूस कोणाच्या खिजगणतीतच नाही, सगळी सहानुभूती खुन्याला.

आधी आळसाचं बघू, कारण तिथे माझं तुमच्याशी अजिबात पटत नाही.

एड्रियन कार्सिनी वाइन बनवतो. पंचवीस वर्षं त्याने त्या एकाच गोष्टीत जीव ओतलाय, पण मळ्याची मालकी सावत्र भावाकडे, रिककडे. रिकला पैसा हवाय. स्वस्त वाइन गॅलनच्या हिशेबाने खपवणाऱ्या मरिनो बंधूंना तो सगळं विकायला निघतो. एड्रियनचा तोल जातो, तो रिकला डोक्यात मारून बेशुद्ध पाडतो. शेजारच्या खोलीत एड्रियनचा सन्मान करायला आलेली मंडळी बसलेली असतात. मग तो रिकला बांधून वाइनच्या कोठारात टाकतो, तिथलं एअर कंडिशनर बंद करतो आणि न्यूयॉर्कला निघून जातो. बंद कोठारात हवा संपते आणि रिक गुदमरून मरतो. आठवड्याने परत आल्यावर एड्रियन प्रेताला पाणबुड्याचा पोशाख चढवून समुद्रात टाकतो. पोहायला गेला, डोकं खडकावर आपटलं, संपला.

आता तो बटण बंद करण्याचा क्षण आठवा. भागाची कळ तिथे आहे, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत फिरवली जाते. आपण पाहतो आणि मनात म्हणतो, हवा बंद केली. एड्रियनही तेवढाच विचार करतो. पण त्या यंत्राचं काम हवा देण्याएवढंच नव्हतं, कोठार थंड ठेवण्याचंही होतं. तो न्यूयॉर्कमध्ये असताना इकडे कडाक्याचं ऊन पडलं आणि आयुष्यभर जमवलेल्या बाटल्या आतल्या आत खराब झाल्या. म्हणजे प्रेक्षकाला सगळं दाखवलंय, काही दडवलेलं नाही, तरीही तो आणि खुनी दोघेही एकाच जागी फसतात. संशयितांच्या गर्दीत खुनी लपवण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. सगळी पानं पालथी ठेवून चकवणं सोपं असतं, उघडी ठेवून चकवणं कठीण.

ही पद्धत टीव्हीवाल्यांनी सोय म्हणून काढलेली नाही. आर. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने आधी गुन्हा आणि मग तपास अशा उलट्या कथांचा संग्रह १९१२ सालीच काढला होता. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या जोडीने कोलंबो घडवताना ती पद्धत उचलली. या भागात तिच्याशिवाय चाललंच नसतं असं माझं म्हणणं आहे. एड्रियन खुनी आहे हे शेवटच्या पाच मिनिटांत कळलं असतं, तर त्याची रसज्ञता हा नुसता स्वभावाचा रंग ठरला असता. खुनी आधीच माहीत असल्यामुळे ती रसज्ञताच त्याच्याभोवती हळूहळू आवळत जाताना आपण पाहू शकतो.

हॉटेलचा प्रसंग घ्या. संशय घेतल्याबद्दल माफी मागायची म्हणून कोलंबो एड्रियनला आणि त्याची सेक्रेटरी कॅरेन हिला जेवायला बोलावतो. जेवणानंतर १९४५ची दुर्मिळ पोर्ट, म्हणजे एक गोड, कडक वाइन येते. एड्रियन घोट घेतो आणि भडकतो. ही वाइन उष्णतेने नासलीय, असली वस्तू गिऱ्हाइकाला देताच कशी! हॉटेलवाले गयावया करायला लागतात. टेबलावरच्या इतरांना त्या वाइनमध्ये काहीच वावगं लागत नाही. एड्रियनचं काम करणाऱ्या डोनाल्ड प्लेझन्सचा तिथला अभिनय पाहा. तो राग खोटा नाही, दिखाऊही नाही. चांगल्या वस्तूची विटंबना झाल्यावर जाणकाराला जो राग येतो तोच हा. आणि ती बाटली त्याच्याच कोठारातली, कोलंबोने गुपचूप उचललेली. एड्रियन इतका चोखंदळ नसता तर सुटला असता. त्याच्यातला जो गुण सगळ्यांत चांगला, त्यानेच त्याला पकडून दिलं. मला हा भाग आवडतो तो या एका गोष्टीसाठी, आणि तुमच्या बाकीच्या मुद्द्यांचं उत्तरही मला त्यातच दिसतं.

जाणकाराकडून अशी चूक होईल का, हा प्रश्न रास्त आहे. हा खून महिनोन्महिने आखलेला नाही, तो रागाच्या झटक्यातला आहे. पुढची जुळवाजुळव एड्रियन पाहुणे बाहेर बसलेले असताना काही मिनिटांत करतो. त्या क्षणी तो वाइनवाला राहिलेला नसतो, खुनी झालेला असतो, आणि खुन्याच्या डोक्यात वाइनचं काय होईल हा विचार येत नाही. मला हे पटतं.

मला खटकतं ते दुसरंच, आणि ते तुमच्या नजरेतून सुटलंय. पोर्टमध्ये ब्रँडीसारखं मद्य मिसळलेलं असतं. तिच्यात अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास, साध्या वाइनमध्ये साधारण बारा ते चौदा. त्यामुळे पोर्ट तशी दणकट असते. वाइन ठेवायला बारा-तेरा अंश सेल्सिअस तापमान उत्तम मानतात. त्याच्या फार वर गेलं की आतला द्रव फुगून बूच ढकलतो, हवा आत शिरते आणि चव जाते. पण या माऱ्यापुढे आधी मान टाकली असती ती एखाद्या जुन्या, नाजूक बरगंडीने, म्हणजे फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या वाइनने. लेखकांनी पोर्टऐवजी तशी बाटली टेबलावर आणली असती तर सांधा जास्त घट्ट बसला असता.

आता कोर्टाचं. कायद्याच्या बाजूने तुमचा मुद्दा बिनतोड आहे. वॉरंटशिवाय उचललेली बाटली कॅलिफोर्नियाच्या कोर्टात टिकणं कठीण होतं. बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा राज्यांच्या कोर्टांतही चालणार नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच 'मॅप विरुद्ध ओहायो' खटल्यात ठरवलं होतं. पण कोलंबो ती बाटली घेऊन न्यायाधीशाकडे जात नाही, तो एड्रियनकडे जातो. एड्रियन कड्यावर उभा राहून आपल्या नासलेल्या बाटल्या एकेक करून समुद्रात फेकत असतो, आणि कोलंबो त्याला तिथे गाठतो. ज्याच्यासाठी खून केला तेच हातचं गेलंय. त्यात कॅरेनने त्याला वाचवण्यासाठी खोटी साक्ष दिलीय आणि त्या बदल्यात तिला लग्न हवंय. तिच्या मुठीत जन्म काढण्यापेक्षा तुरुंग बरा, असं एड्रियनला वाटतं. तो कबुली देतो ती पुराव्याच्या धाकाने नव्हे. लपवून राखण्यासारखं त्याच्याकडे काही उरलेलंच नसतं. लेखकांनी कायद्याची पळवाट बुजवली नाही हे खरं, पण पळण्याची इच्छाच संपलेला माणूस त्यांनी नीट उभा केला.

तुमच्या शेवटच्या आक्षेपावर मी सगळ्यात जास्त वेळ विचार केला. खून आणि विनोद एकत्र आले की मेलेल्या माणसाचा अपमान होण्याची भीती असतेच, आणि पुष्कळ हलक्याफुलक्या मालिका त्यात घसरतातही. प्रेत म्हणजे कोड्याची सुरुवात, एवढीच त्याची किंमत उरते. पण इथे विनोद कुठे आहे ते तपासून बघा. तो कोलंबोच्या चुरगळलेल्या रेनकोटात आहे, त्याच्या खटारा प्यूजो गाडीत आहे, वाइनबद्दल त्याने विचारलेल्या भाबड्या प्रश्नांत आहे. रिकच्या मरणावर एकही विनोद नाही. उलट कोलंबोला खरी टोचणी लागते ती रिकच्या शरीरामुळे. शवविच्छेदनात कळतं की मरायच्या आधी दोन दिवस याच्या पोटात काही गेलेलं नव्हतं. खाण्यापिण्याची, मजेची आवड असलेला, लग्नाला निघालेला तरुण माणूस, आणि दोन दिवस उपाशी? मग रिकची गाडी. आठवडाभर किनाऱ्यावर उघड्यात उभी होती म्हणतात, मधे पाऊसही होऊन गेला, तरी तिच्यावर पावसाचा डाग नाही. त्या दोन दिवसांत काय झालं असेल, हा प्रश्न त्या सगळ्या गोष्टीत फक्त कोलंबोला पडतो. बांधलेला, अंधारात पडलेला, उपाशी माणूस पडद्यावर दाखवलेला नाही, पण कोलंबो त्याला विसरत नाही. रिक खिजगणतीत नाही असं म्हणूच नका. त्याची दखल घेणारा माणूस गबाळा दिसतो, एवढंच.

आणि एड्रियनविषयी वाटणारी सहानुभूती? ती मलाही वाटते आणि तिची मला लाज वाटत नाही. तुरुंगाकडे जाताना कोलंबो गाडी थांबवतो, दोघांसाठी एक गोड वाइन काढतो, आणि एड्रियन त्याला शाबासकी देतो की तुम्ही चांगलं शिकलात. तिथे कोलंबो त्याला माफ करत नाही. गाडी पुढे तुरुंगाकडेच जाणार आहे. माणसाला कळवळ्याने समजून घेता येतं आणि तरीही त्याला सोडायचं नसतं, या दोन्ही गोष्टी कोलंबोचं काम करणारा पीटर फॉक एकाच चेहऱ्यावर ठेवतो. तुम्हाला त्यात खुन्याचे लाड दिसले. मला त्यात पोलिसाने कामात ठेवलेली माणुसकी दिसली, आणि टीव्हीवर ती फार क्वचित दिसते.

एक सुचवते. पुरावा पक्काच हवा असेल तर याच मालिकेतला १९७४ सालचा 'अ फ्रेंड इन डीड' हा भाग पाहा. तिथे खुनी खुद्द पोलिस खात्यातला वरिष्ठ अधिकारी, कोलंबोचा साहेब. तो एका सराईत चोराला अडकवायला त्याच्या खोलीत चोरीचे दागिने लपवतो, आणि मग कळतं की ती खोली चोराची नाहीच, कोलंबोने स्वतः भाड्याने घेतलेली आहे. तिथे तुम्हाला कायद्यात बोट ठेवायला जागा सापडली तर जरूर लिहा, मला वाचायला आवडेल.