काकांच्या फोनला काळं फासू नका

सोसायटीच्या ग्रुपवर आज परत तोच फॉरवर्ड. ‘डार्क मोड लावा, बॅटरी दुप्पट, डोळ्यांना आराम.’ डार्क मोड म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. खाली अंगठ्यांची रांग. आता हे वाचून कुणीतरी घरातल्या वयस्कर माणसाचा फोन उचलणार आणि न विचारता काळा करून ठेवणार. खालच्या मजल्यावरच्या काकांचा असाच पुतण्याने केलाय. काका बातम्या वाचता वाचता चष्मा काढतात, पुसतात, परत लावतात. चष्मा स्वच्छ आहे हो!

आधी बॅटरीचं घ्या. ती वाचते ओएलईडी पडद्यावर, कारण तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळा म्हणजे चक्क बंद. एलसीडीत मागचा बॅकलाइट सतत चालूच. पुढे काळं दाखवा की पांढरं, खर्च जवळपास तेवढाच. आयफोन एक्सआर आणि ११ एलसीडीच आहेत, स्वस्तातले बरेच अँड्रॉइडही. काकांचाही. म्हणजे ते एवढं सोसतायत ते फुकटच.

आपला पडदा कुठला, हे बघायचं असेल तर रात्री दिवा बंद करा, पूर्ण काळा फोटो फुल स्क्रीन उघडा आणि ब्राइटनेस वाढवा. पडदा राखाडी उजळला तर एलसीडी. पडदा कुठे संपतो आणि कड कुठे सुरू होते तेच कळेना, तर ओएलईडी. आणि ओएलईडीवरही ते ‘दुप्पट’ विसरा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं होतं: ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असेल तर डार्क मोडने सरासरी ३ ते ९ टक्के वीज वाचते. १०० टक्क्यांवर मात्र ३९ ते ४७. घरात बसून शंभरवर कोण ठेवतं? ठेवतात ते उन्हात, आणि उन्हात काळा पडदा म्हणजे आरसा. अक्षरांऐवजी आपलंच तोंड.

आता डोळे. गडद पडद्यासमोर डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि ती मोठी झाली की नजरेतले बारीकसारीक दोष जास्त जाणवतात. चष्म्याला सिलिंडरचा नंबर असेल तर काळ्यावरचं पांढरं अक्षर कडेने फुटल्यासारखं दिसतं. देवनागरीत तर आणखी पंचाईत. घ आणि ध, म आणि भ ओळखायचे कशावरून, तर मुख्यतः शिरोरेषेतल्या फटीवरून. पांढरी रेघ पसरली की ती फटच बुजते. काकांना सिलिंडर आहे. पुतण्याला हे कुठून माहीत असणार, त्याने बिचाऱ्याने मायेनेच केलं. पोराला रागावत नाहीये मी. एकदा विचारायला हवं होतं, बस.

बरं, मोतीबिंदू असलेल्या कित्येकांना उलट काळ्यावर पांढरंच बरं वाचता येतं, मान्य. रात्री रेल्वेच्या बर्थवर शेजारचा झोपलेला असताना डार्क मोड हवाच, तेही मान्य.

पण ‘ओव्हरराइड फोर्स-डार्क’? अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीच्या सेटिंग्जमध्ये, शिरून हेही चालू केलं होतं पठ्ठ्याने! ज्या अ‍ॅपला डार्क मोड दिलेलाच नाही, त्याचेही रंग हे बटण जबरदस्तीने फिरवतं. मग पारदर्शक पार्श्वभूमीच्या चित्रातला काळा लोगो काळ्यात गडप. कुठे क्यूआर कोडच उलटा होतो आणि काही स्कॅनर तो वाचत नाहीत. काका दुकानात कोड दाखवत उभे, मागे रांग. ते बटण आधी बंद करा.

अ‍ॅप बनवणारेही कमी नाहीत. ठार काळी पार्श्वभूमी देतात. ओएलईडीवर बंद पिक्सेल उजळायला किंचित वेळ लागतो, म्हणून मजकूर सरकवताना मागे डाग ओढल्यासारखा दिसतो. गुगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये, म्हणजे अ‍ॅप कसं दिसावं याच्या मार्गदर्शिकेत, गडद राखाडी, १२१२१२ या कोडचा रंग, सुचवलेला आहे. वाचतं कोण!

डार्क मोड लावायचाच असेल तर तो वेळेनुसार आपोआप चालू-बंद होऊ द्या. आयफोनवर सेटिंग्ज, डिस्प्ले अँड ब्राइटनेस, ऑटोमॅटिक चालू, मग ऑप्शन्समध्ये सनसेट टू सनराइज. अँड्रॉइडवर डिस्प्ले, डार्क थीम, शेड्यूल (कंपनीगणिक नावं थोडी बदलतात). विंडोज ११ मध्ये पर्सनलायझेशन, कलर्स, तिथे ‘कस्टम’ निवडा: विंडोज डार्क, अ‍ॅप लाइट. टास्कबार काळा राहतो, वाचायचा कागद पांढरा. नव्या वर्डमध्ये सगळं काळं असलं तरी व्ह्यू टॅबमधलं ‘स्विच मोड्स’ दाबलं की पान तेवढं पांढरं होतं.

रात्री नुसता उजेडच खुपत असेल तर रंग उलटवण्याआधी तो कमी करून बघा. ब्राइटनेस तळाला नेऊनही जास्त वाटला तर आयफोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ आहे, अँड्रॉइड १२ पासून पुढे बऱ्याच फोनवर ‘एक्स्ट्रा डिम’.

आणि काकांसाठी: लाइट मोड, फॉन्ट एक पायरी मोठा, बोल्ड टेक्स्ट चालू, ब्राइटनेस खोलीतल्या उजेडाइतका. एवढं करूनही अक्षर फुटत असेल तर त्यांना घेऊन जा आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या.