कलम तीन आणि कलम बत्तीस

दक्षिण आफ्रिकेचा १९९८ चा राष्ट्रीय जल कायदा मी गेल्या काही वर्षांत अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी मी दोन कलमांपाशी थांबते. तिसऱ्या कलमापाशी मन भरून येते आणि बत्तिसाव्या कलमापाशी अस्वस्थ होते. एखाद्या देशाने आपली जलनीती घडवताना किती मोठे धाडस करावे आणि ते धाडस नेमके कुठे अडखळावे, हे या दोन कलमांत जितके स्पष्ट दिसते तितके मला इतरत्र क्वचितच दिसले आहे.

१९५६ च्या जुन्या कायद्यात पाणी जमिनीला बांधलेले होते. नदीकाठी ज्याची जमीन असेल त्याचा नदीच्या पाण्यात हिस्सा असे, आणि शेतातल्या झऱ्याचे किंवा भूगर्भातले पाणी हे ‘खाजगी पाणी’ मानून त्याचा वापर सर्वस्वी शेतमालकाच्या मर्जीवर सोडलेला असे. ज्या देशात जमीन सर्वांना घेता येते तिथेही अशी व्यवस्था अन्यायाचीच ठरते. पण इथे १९१३ च्या भूमी कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी सुमारे ७ टक्केच जमीन राखून ठेवली होती आणि १९३६ नंतरही ते प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपासच राहिले. त्यामुळे पाणी कोणाला नाकारायचे, हे जलकायद्यात कुठेही लिहावे लागले नाही. सातबाऱ्यासारख्या एका कागदाने ते काम आधीच करून ठेवले होते. १९९४ मध्ये नेल्सन मंडेला यांचे सरकार आले तेव्हा सुमारे १ कोटी २० लाख लोकांना पिण्याचे सुरक्षित पाणी मिळत नव्हते.

या सरकारात जलखाते कादर अस्माल यांच्याकडे आले. ते नाताळ प्रांतातल्या स्टँगर गावचे, भारतीय वंशाचे, आणि हद्दपारीच्या काळात डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात कायदा शिकवणारे प्राध्यापक. (पुढे जागतिक धरण आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले आणि त्या आयोगात आपल्या मेधा पाटकर सदस्य होत्या.) अस्माल यांच्या खात्याने कायद्याचा मसुदा लगेच पुढे रेटला नाही. १९९५ मध्ये जुन्या कायद्यातल्या हक्कांविषयीची पुस्तिका लोकांपुढे ठेवली गेली, १९९६ मध्ये २८ मूलतत्त्वांना मंत्रिमंडळाची मान्यता घेतली गेली, एप्रिल १९९७ मध्ये जलनीतीची श्वेतपत्रिका आली आणि त्यानंतरच कायदा झाला. आधी तत्त्व आणि मग कलम, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. घाईने केलेल्या कायद्यात तत्त्वे प्रस्तावनेपुरती उरतात. इथे मात्र ती कलमांच्या आत उतरली.

तिसरे कलम सांगते की देशातल्या सर्व जलस्रोतांचे सरकार हे विश्वस्त आहे. म्हणजे पाण्याची खाजगी मालकी संपली, आणि सरकारलाही मालक म्हणून मिरवता येणार नाही. त्यापुढचे पाऊल आणखी मोठे आहे. वाटपाला हात घालण्यापूर्वी माणसांच्या मूलभूत गरजेचे पाणी आणि नदी जिवंत राहण्यासाठी लागणारे पाणी बाजूला काढायचे, आणि उरेल त्याचेच परवाने द्यायचे. कायद्याने या राखीव हिश्श्याला इतर सर्व वापरांच्या आधीचे स्थान दिले. नदीचा स्वतःच्या पाण्यावर पहिला हक्क असतो, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत इतक्या ठामपणे लिहिलेली वाचताना मला आजही भारावून जायला होते.

माणसाची मूलभूत गरज दिवसाला माणशी २५ लिटर धरली गेली. हे २५ लिटर म्हणजे काय, ते मी एकदा घरी मोजून पाहिले. आमच्या मोरीतली बादली १५ लिटरची आहे. एक भरून आणि दुसरी दोनतृतीयांश भरून ठेवली आणि सकाळपासून तेवढ्यातच भागवले. आंघोळ, पिणे, स्वयंपाक आणि भांडी एवढ्यातच दुपारपर्यंत तळ दिसू लागला, कपडे तर भिजवलेच नव्हते. पुढे २००१ पासून प्रत्येक कुटुंबाला महिन्याला ६,००० लिटर पाणी मोफत देण्याचे धोरण आले, तेही याच हिशेबाने: दिवसाला २०० लिटर आणि घरात आठ माणसे. सोवेटोतल्या फिरी वस्तीत एकाच आवारात आठहून अधिक माणसे राहत असत आणि तिथे आगाऊ पैसे भरण्याचे मीटर बसवले गेले, म्हणजे मोफत पाणी संपले की पैसे भरेपर्यंत नळ बंद. तिथल्या रहिवाशांनी दाद मागितली. उच्च न्यायालयाने माणशी ५० लिटर मान्य केले, पण २००९ मध्ये संविधान न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पाण्याचा हक्क राज्यघटनेच्या २७ व्या कलमात लिहिलेला असूनही तो किती लिटरचा हे ठरवणे न्यायालयाचे काम नाही, अशी ती भूमिका होती. मला ती तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही.

तरीही माझा मुख्य आक्षेप बत्तिसाव्या कलमाशी आहे. कायदा लागू होण्यापूर्वीच्या दोन वर्षांत जो कोणी कायदेशीरपणे पाणी वापरत होता, त्याचा वापर या कलमाने ‘विद्यमान कायदेशीर वापर’ ठरवला, आणि चौतिसाव्या कलमाने तो परवान्याशिवाय पुढे चालू ठेवायला मुभा दिली. आपल्या भाषेत सांगायचे तर वहिवाट मान्य झाली. वाटाघाटींतून आलेल्या सरकारला उभी पिके, कर्जे आणि नुकसानभरपाईचे दावे डोळ्यांआड करता येत नव्हते, हे मला समजते. ही तरतूद कायमची नव्हती, हेही खरे. ताणाखालच्या खोऱ्यांत सर्वांनाच नव्याने अर्ज करायला लावून फेरवाटप करायचे, अशी सोय त्याच कायद्यात आहे. मात्र ती मोजक्याच ठिकाणी वापरली गेली, आणि कोणाची वहिवाट खरी, किती पाण्याची, हे तपासण्याचे कामच वर्षानुवर्षे लांबत गेले. परिणाम असा की ज्याच्या आजोबांना जमिनीपासून दूर ठेवले होते त्या शेतकऱ्याने आज काही हेक्टर भिजवायचे ठरवले, तर नकाशे, तज्ज्ञांचे अहवाल आणि अर्ज त्याने करायचे; आणि जुन्या व्यवस्थेत ज्याला भरपूर मिळाले, त्याने काहीच मागायला जायचे नाही.

आपल्याकडे विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पुरंदरमध्ये पाणी पंचायत उभी केली तेव्हा हिस्सा माणसे मोजून ठरवला, जमीन मोजून ठरवला नाही, आणि भूमिहीनालाही त्यात हक्क दिला. ते काही गावांपुरते होते आणि देशाचा कारभार तसा चालवणे कितीतरी कठीण आहे. पण तिथे सुरुवातच शून्यापासून झाली, म्हणून भूमिहीन माणूस रांगेत शेवटचा ठरला नाही. आफ्रिकेतले जे देश आज जलनीती लिहीत आहेत त्यांनी अस्माल यांच्या कायद्यातून विश्वस्ताचे तत्त्व आणि राखीव हिस्सा जरूर घ्यावा, पण जुन्या वहिवाटीला पहिल्याच दिवशी शेवटची तारीख घालावी, आणि त्या तारखेनंतर सर्वांनी एकाच रांगेत उभे राहावे.

मे २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या जलखात्याने नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, ज्यात मोठ्या प्रमाणावर पाणी उचलणाऱ्या अर्जदारांना कृष्णवर्णीयांच्या भागीदारीची अट घालण्याचा प्रस्ताव होता. त्यावर गदारोळ उठला, तेव्हा खात्याने स्पष्टीकरण दिले की ही अट फक्त नव्या अर्जांना लागू होईल.